झोल्पिडेम १० आणि ५ : कॅश काउंटरवर बसणाऱ्या बाईने लिहिलेला सकाळचा रिव्ह्यू

झोपेच्या गोळीबद्दल लोक लिहितात तेव्हा सगळं रात्रीचंच लिहितात, किती वेळात डोळा लागला, मध्ये जाग आली का, वाईट स्वप्नं पडली का. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो माणूस कसा होता, गाडी चालवली का, हिशोब जमला का, हे कुणी लिहीत नाही आणि मला गोळी सुरू करायच्या आधी नेमकं तेच हवं होतं. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम सकाळचा लिहितेय.

मी एका पतसंस्थेत कॅशला असते. घर ते ऑफिस स्कूटर, वाटेत हायवेचा एक क्रॉस आहे तो रोजचा, मग दिवसभर नोटा, व्हाउचर, पासबुकं आणि संध्याकाळी कॅश टॅली. पाळी जायच्या वयात झोप पार बिघडली, रात्री अडीच-तीनला घामाघूम होऊन जाग यायची ती परत लागायचीच नाही. असं बरेच महिने काढल्यावर डॉक्टरांनी झोल्पिडेम लिहून दिलं, थेट १० मिग्रॅ. ब्रँडचं नाव देत नाही कारण आपल्याकडे हे औषध पुष्कळ नावांनी मिळतं, तुम्ही स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, झोल्पिडेम टार्ट्रेट आणि पुढे आकडा, तो आकडाच महत्त्वाचा आहे.

रात्रीचं आधी सांगून टाकते कारण तिथे तक्रार नाही. अर्ध्या तासात झोप, आणि खरी झोप. मला इतक्या महिन्यांनी सलग झोप मिळाली तेव्हा रडायला आलं होतं, हे न झोपणाऱ्या माणसालाच कळेल. तेव्हा गोळीला सरसकट शिव्या देणारे जे मेसेज फिरतात ते मला पटत नाहीत. जागून काढलेल्या रात्रीनंतरचा दिवसही धोक्याचाच असतो, स्कूटर तेव्हाही धड चालत नाही. तुलना करायची तर गोळीची सकाळ आणि जागरणाची सकाळ अशी करायला पाहिजे, ठणठणीत माणसाच्या सकाळीशी नाही.

आता सकाळ. माझ्याकडे नळाला पाणी पहाटे येतं, म्हणजे पाचला उठणं भागच. उठायचे, पाणी भरायचे, डबे करायचे, चहा घेतला की वाटायचं आपण एकदम फ्रेश. हे "वाटायचं" लक्षात ठेवा, सगळी गोम तिथे आहे. डोकं जड नाही, डोळ्यावर झापड नाही, जांभया नाहीत. पण काउंटरवर शंभराचं बंडल मोजताना साठ-सत्तरच्या आसपास आकडा सुटायचा आणि परत पहिल्यापासून. माणूस समोर उभा राहून नाव सांगतोय, मी ऐकतेय, पण पासबुक हातात घेईपर्यंत नाव गेलेलं. माझ्या शेजारच्या टेबलची मॅडम म्हणाली, "अहो मॅडम, तुम्ही सकाळी वेगळ्या असता आणि जेवणानंतर वेगळ्या, बरं वाटत नाही का?" मला तर बरंच वाटत होतं! साधारण साडेअकरा-बारानंतर गाडी रुळावर यायची. म्हणजे आधीची बिनझोपेची मी दुपारी ढेपाळायचे आणि गोळीवाली मी सकाळी, एवढाच फरक, फक्त दुपारची पेंग मला जाणवायची आणि ही सकाळची जाणवत नव्हती.

यावर मी बरंच वाचलं आणि नंतर दुसऱ्या डॉक्टरांशी, मानसोपचारतज्ज्ञांशी, सविस्तर बोलले. तर गोष्ट अशी आहे. झोल्पिडेमचा अर्धा डोस शरीरातून जायला सरासरी अडीच तास लागतात. म्हणजे हिशोबाने आठ तासांत तीनदा अर्धं, आठवा हिस्सा उरला, काही प्रॉब्लेम नाही. पण ही सरासरी आहे. कुणाचा हा वेळ दीड तासाच्याही खाली असतो तर कुणाचा पावणेचारपर्यंत जातो, आणि आपण कुठल्या टोकाला आहोत हे स्ट्रिपवर छापलेलं नसतं. बायकांच्या शरीरातून हे औषध हळू जातं. अमेरिकेत या औषधाला १९९२ मध्ये परवानगी मिळाली आणि तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, बायकांचा डोस १० वरून ५ मिग्रॅवर आणायला सांगितलं ते जानेवारी २०१३ मध्ये, वीस वर्षं गेली मध्ये. त्यांनी दिलेले आकडे असे की १० मिग्रॅ घेतल्यावर आठ तासांनी रक्तात ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर औषध राहिलेलं, म्हणजे गाडी चालवण्यावर परिणाम होईल इतकं, साधारण १५ टक्के बायकांमध्ये आणि ३ टक्के पुरुषांमध्ये सापडलं. आणि ती जी सावकाश विरघळणारी येते, सीआर लिहिलेली, १२.५ ची, तिच्यात हेच प्रमाण बायकांमध्ये ३३ आणि पुरुषांमध्ये २५ टक्के. त्यामुळे पुरुष वाचकांनो तुम्हीही निवांत राहू नका, पुरुषांनाही कमी डोसनेच सुरू करायचा विचार करा असं त्याच वेळी डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि सीआर घेणाऱ्याने तर दुसऱ्या दिवशी गाडी चालवूच नये अशी सूचना नंतर त्याच वर्षी आली.

हे सगळे आकडे आठ तासांचे आहेत हं. आता आपल्या घरातल्या बाईचं वेळापत्रक घ्या. सगळ्यांची जेवणं दहापर्यंत, ओटा आवरून, सकाळची भाजी निवडून, दाराला कडी लावून आडवं व्हायला साडेअकरा. उठायचं पाचला. झाले साडेपाच तास. औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट असतं की उठायला सात-आठ तास शिल्लक असतील तरच घ्या. म्हणजे जिच्या शरीरातून औषध हळू जातं तीच घरात सगळ्यात उशिरा झोपते आणि सगळ्यात आधी उठते, आणि तिलाच बिनदिक्कत १० लिहून दिली जाते. मला याचा खरंच राग येतो. "झोप येत नाही" म्हटल्यावर चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट लागतं, पण "सकाळी कितीला उठता? गाडी चालवता का? काम काय करता?" हे तीन प्रश्न मला पहिल्या वेळी कुणी विचारले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले.

जेवणाचा मुद्दा तर मला सगळ्यात उपयोगी पडला. भरल्या पोटी ही गोळी उशिरा चढते. रिकाम्या पोटी रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासाच्या आत वर जातं, जेवणावर घेतली की दोन तासांच्या पुढे. म्हणून जेवल्या जेवल्या घेऊ नका असं लिहिलेलं असतं. आपण काय करतो, बीपीची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ही, सगळ्या जेवणानंतर एका मुठीत. मग ती लवकर लागत नाही, माणसाला वाटतं डोस कमी पडतोय, अजून अर्धी घेतात, आणि ती सगळी सकाळवर येऊन बसते. मी जेवण आठला आणलं, त्यावरून घरात कुरकुर झाली, पण गोळी दहाला आणि पाण्याची ड्युटी मिस्टरांकडे. फरक पडला.

दुसरी गोष्ट, गोळी घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं. एकदा गोळी घेतली आणि बहिणीचा फोन आला, बोलत बसले. सकाळी लेक म्हणते, "आई, मावशीला तू रविवारी ये म्हणून सांगितलंस ना?" मला फोन आलेलाच आठवत नव्हता. हे या औषधाचं ठरलेलं आहे, गोळी चढल्यानंतर जागं राहिलं तर तेवढ्या वेळाची नोंदच मेंदूत होत नाही. याचंच फार वाईट रूप म्हणजे झोपेत उठून चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं. हे कमी जणांना होतं, पण एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत झोल्पिडेम आणि त्याच जातीच्या एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिन्ही झोपेच्या गोळ्यांवर यासाठी सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, जीव गेलेली उदाहरणं होती म्हणून. असं एकदा जरी झालं तरी ते औषध पुन्हा घ्यायचं नाही असा नियम आहे. गॅलरीवाल्या घरात राहणाऱ्यांनी हे घरच्यांना सांगून ठेवा.

आता पुन्हा त्या "फ्रेश वाटण्या"कडे. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे की गोळी घेतलेला माणूस स्वतःच्या सकाळचा साक्षीदार म्हणून चालत नाही. वर जी एस्झोपिक्लोन म्हटली, तिच्याबद्दल २०१४ मध्ये एफडीएनेच सांगितलं, २५ ते ४० वयाच्या ९१ निरोगी माणसांवर बघितलं, ३ मिग्रॅ घेतल्यावर गाडी चालवणं, स्मरणशक्ती, हातापायाचा ताळमेळ हे अकरा तासांपर्यंत बिघडलेलं होतं, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते कळत नव्हतं. कळत नव्हतं! मग तिचाही सुरुवातीचा डोस १ मिग्रॅवर आणला. नेदरलँड्समध्ये तर १९८० च्या दशकापासून खऱ्या हायवेवर, खऱ्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवायला देऊन हे मोजतात, शंभर किलोमीटर, ताशी ९५ च्या वेगाने, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला, आणि गाडी आपल्या लेनमध्ये डावीउजवीकडे किती सेंटिमीटर हलते हे यंत्राने नोंदवतात. झोपिक्लोन ही याच जातीची आणखी एक गोळी, ७.५ मिग्रॅ रात्री घेऊन दहा-अकरा तासांनी चालवलं तरी गाडी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी किंवा त्याहून जास्त हलते. आपल्याकडे दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. झोल्पिडेम यात बरं ठरलं, रात्री वेळेवर घेतलं आणि दहा-अकरा तास गेले तर त्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा फरक दिसला नाही, पण मध्यरात्री घेऊन सकाळी चालवलं तर चांगलाच दिसला. म्हणून रात्री दोनला जाग आली की "अर्धी घेऊन टाकते" हे जे सर्रास करतात ते बंद करा, हात जोडून सांगते. आणि नाक्यावरचा पोलीस फुंकायला लावतो त्या मशीनमध्ये गोळी दिसत नाही, तरी मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात औषधाच्या अंमलाखाली गाडीवर ताबा न राहणं हेही येतं, फक्त दारू नाही.

मग स्वतःला कळत नसेल तर मोजायचं कसं? मी लेकाच्या शाळेतला प्रयोग वापरला. तीस सेंटिमीटरची पट्टी, समोरच्याने वरून धरायची आणि न सांगता सोडायची, आपण खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवून पकडायची. वीस सेंटिमीटरला पकडली म्हणजे साधारण ०.२ सेकंद. हे काही लॅब टेस्टिंग नाही, पण रोज त्याच वेळी, पाणी भरून झाल्यावर, तोच माणूस सोडणारा, असं केलं की आपला आपल्याला अंदाज येतो. बिनगोळीच्या चांगल्या झोपेनंतर मी १८-२० ला पकडायचे. १० च्या गोळीनंतर बहुतेक वेळा २४-२५. पण सेंटिमीटरपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने घाबरवलं, मध्येच एखादी पट्टी सरळ खाली पडायची, म्हणजे मी तिथे बघत बसलेली आहे आणि पट्टी पडून गेल्यावर बोटं मिटली. हायवे क्रॉस करताना ही एक निसटलेली पट्टी म्हणजे काय हे सांगायला नको. त्या दिवसापासून गोळीच्या सकाळी स्कूटर बंद, मिस्टर सोडतात नाहीतर शेअर रिक्षा.

५ मिग्रॅवर आल्यावर काय झालं ते लिहिते. झोप लागायला थोडा जास्त वेळ, पहाटे चारच्या सुमाराला एक जाग, पण परत लागते. काउंटरवर बंडल एका फेरीत मोजून होतं. पट्टी २० च्या आसपास, सुटणं जवळपास थांबलं. टेबलवाल्या मॅडमला मी काही बदललंय हे सांगितलं नव्हतं, तिनेच आठवड्याभराने विचारलं, "आता बरं आहे ना?" मला हा रिव्ह्यू माझ्या स्वतःच्या मतापेक्षा खात्रीचा वाटतो. तरीही ५ च्या सकाळीही मी नऊच्या आत स्कूटरला हात लावत नाही. १० च्या गोळीला रात्रीसाठी पाचपैकी साडेचार आणि सकाळसाठी दीड, ५ ला रात्री साडेतीन, सकाळी चार. माझ्या कामाला ५ चीच चालते. एक मात्र, १० ची तोडून ५ करायची असेल तर गोळीवर मध्ये रेघ आहे का बघा आणि डॉक्टरांना विचारा, सीआरवाली कधीच तोडायची किंवा चावायची नाही, ती हळूहळू सुटावी म्हणूनच तशी बनवलेली असते. वय ६५ च्या पुढे असेल तर मुळात ५ च सांगतात, आणि खरं तर म्हाताऱ्या माणसांना पडण्याच्या भीतीने या गोळ्या शक्यतो टाळाच असं सांगतात, रात्री बाथरूमला उठणं हा त्यांचा सगळ्यात धोक्याचा प्रवास.

बाकीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात, कारण घरोघरी त्याच असतात. अल्प्राझोलाम, आपल्या आई-सासूच्या पिढीची लाडकी, "पाव घेते मी, काही होत नाही" वाली. तिचा अर्धा भाग जायला अकरा तास, वयस्कर माणसात त्याहूनही जास्त. नायट्राझेपामला दिवसभर किंवा वर. क्लोनाझेपामला तीस-चाळीस तास, म्हणजे आजची अर्धीही गेली नाही तोवर उद्याची आली, रोज साचत जाणारं प्रकरण आहे. या गोळ्या आजारासाठी दिल्या असतील, फिट्ससाठी, पॅनिकसाठी, तर माझं वाचून त्यात ढवळाढवळ करू नका, मी फक्त झोपेसाठी घेणाऱ्यांशी बोलतेय. आणि सर्दीची गोळी किंवा खोकल्याचं औषध झोपेसाठी घेणारे खूप आहेत, त्यांना वाटतं हे तर साधं, चिठ्ठीसुद्धा लागत नाही. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत हमखास रेंगाळते, मला तर झोल्पिडेमपेक्षा त्यांनीच जास्त बधिर केलं होतं, तोंड कोरडं आणि डोकं कापूस. मेलाटोनिन मी घेऊन बघितलं, सकाळ स्वच्छ गेली पण मला रात्री तीनला जाग यायची त्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. दारूबरोबर यातली कुठलीही गोळी घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, लग्नाच्या सीझनमध्ये घरातल्या पुरुषांना हे स्पष्ट सांगा. फंगसच्या काही गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स झोल्पिडेम शरीरात जास्त वेळ अडकवून ठेवतात, तेव्हा त्वचेच्या किंवा दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं.

मेडिकलवाल्याचं पण लिहायला हवं. झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, मार्च २०१४ पासून हा नियम आहे. माझा मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, नाव लिहितो, मला आधी कटकट वाटायची, आता तो माणूस मला आवडतो. ओळखीवर स्ट्रिप देणारे आहेतच, त्यांच्याकडून घेऊ नका कारण तिथे डोस कमी करा असं सांगणारं कुणी नसतं.

सध्या माझं असं चाललंय की डॉक्टरांनी गोळीबरोबर झोपेची थेरपी सुरू केली, सीबीटी-आय म्हणतात तिला. झोप आली तरच अंथरुणावर जायचं, नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, दुपारची डुलकी बंद, उठायची वेळ रविवारीही तीच. पहिले काही आठवडे ही थेरपी गोळीपेक्षा जास्त त्रासदायक आहे, आणि त्या आठवड्यांत दिवसा पेंग येते हेही सांगून ठेवते, तेव्हाही स्कूटर जपून. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून हीच सांगितली, गोळी नंतर. मला आता गोळी रोज लागत नाही. ती एकदम बंद करू नका मात्र, रोज घेणाऱ्याने अचानक सोडली की एक-दोन रात्री झोप पहिल्यापेक्षाही वाईट होते आणि मग माणूस घाबरून परत १० वर जातो. माझी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली, सुट्टीच्या आदल्या रात्रीपासून सुरुवात करून, म्हणजे सकाळी काउंटरही नाही आणि स्कूटरही नाही.